जास्त प्रोटीनवालं सोयाबीन म्हणजे जास्त मेथिओनिनवालं सोयाबीन का?

प्रश्न थोडक्यात असा होता: एम.एस्सी. ॲग्रीला ब्रीडिंग घेतलंय, गाईडने 'सोयाबीनच्या दाण्यातली अमिनो ॲसिड' हा विषय सुचवलाय, तर जास्त प्रोटीनवाली लाइन (ब्रीडिंगमधून स्थिर केलेला वाण) निवडली की मेथिओनिन, लायसीन ही अमिनो ॲसिड (प्रोटीनचे घटक) आपोआप वाढतात का, त्यामागचे जीन कोणते आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये यातलं नेमकं काय जमेल. बरीच वर्षं याच पिकाच्या ब्रीडिंगमध्ये गेलीत त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. किलोभर दाण्यामागे मोजलं तर हो, वाढतात. पण शंभर ग्रॅम प्रोटीनमागे मोजलं तर मेथिओनिन, सिस्टीन, लायसीन बरेचदा कमी होतात. या विषयात निम्मे वाद होतात ते फक्त यामुळे की एकजण दाण्याच्या टक्क्यात बोलत असतो आणि दुसरा प्रोटीनच्या टक्क्यात. समजा एका लाइनमध्ये प्रोटीन ४० टक्के आहे आणि त्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन-सिस्टीन मिळून २.८ टक्के, म्हणजे दाण्यात १.१२ टक्के. दुसऱ्या लाइनमध्ये प्रोटीन ४५ पण त्यात मेथिओनिन-सिस्टीन २.६, म्हणजे दाण्यात १.१७. (आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत.) आता दुसरी लाइन चांगली की वाईट? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, म्हणून थिसिसमध्ये पहिल्या दिवसापासून दोन्ही कॉलम ठेवा, नाहीतर व्हायवाला एक्स्टर्नल तिथेच पकडणार.

हे असं का होतं ते कळायला दाण्यात प्रोटीन म्हणजे नेमकं काय साठतं ते बघावं लागतं. सोयाबीनच्या प्रोटीनपैकी साधारण ७० टक्के वाटा दोनच साठवणुकीच्या प्रोटीनचा असतो, ग्लायसिनिन, ज्याला ११एस म्हणतात, आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन म्हणजे ७एस. ग्लायसिनिनमध्ये गंधकवाली अमिनो ॲसिड, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन, बऱ्यापैकी असतात. त्याचे मुख्य जीन जीवाय१ ते जीवाय५, त्यातले पहिले तीन एका गटात मोडतात आणि मेथिओनिनच्या बाबतीत तो गट उरलेल्या दोघांपेक्षा श्रीमंत आहे. ७एसची गोष्ट उलटी. त्याची तीन सबयुनिट (घटक तुकडे) असतात, अल्फा-प्राइम, अल्फा आणि बीटा, आणि त्यातल्या बीटामध्ये मेथिओनिन आणि सिस्टीन जवळजवळ नाहीतच. आणि गंमत म्हणजे झाडाकडे नायट्रोजन मुबलक झाला की सगळ्यात जोरात वाढते ती हीच बीटा. म्हणजे प्रोटीनचा आकडा फुगतो पण तो फुगतो गंधक नसलेल्या मालाने. जास्त प्रोटीनच्या लाइनमध्ये मेथिओनिनचं प्रमाण का घसरतं याचं मोठं कारण इथे आहे.

दुसरं एक कारण लोक विसरतात ते आर्जिनिन. प्रोटीन वाढतं तसं आर्जिनिन आणि ग्लुटामिक ॲसिड जास्त वेगाने वाढतात. आर्जिनिनच्या एका रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात आणि आपण जेल्डाल पद्धतीने मोजतो नायट्रोजन, मग त्याला ६.२५ ने गुणून 'प्रोटीन' म्हणतो. म्हणजे आर्जिनिनवाला दाणा मशीनवर आपोआप जास्त प्रोटीनचा दिसतो. सोयाबीनला खरा गुणक ५.७१ च्या आसपास यायला हवा हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, रिपोर्टमध्ये मात्र सर्रास ६.२५च येतो. वापरा, हरकत नाही, सगळं जग वापरतं, फक्त कुठला गुणक वापरला ते लिहा.

आता जीनकडे येतो. सोयाबीनचं जीनोम २०१० साली विल्यम्स ८२ या अमेरिकन जातीवरून वाचलं गेलं, २० क्रोमोसोम, ४६,४३० जीन, आणि त्यातले सुमारे ७५ टक्के जीन एकापेक्षा जास्त प्रतींमध्ये, कारण हे जीनोम दोनदा डबल झालेलं आहे, एकदा सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वी आणि एकदा १.३ कोटी वर्षांपूर्वी. ब्रीडरसाठी याचा अर्थ असा की एखादा जीन बंद केला तरी त्याचा भाऊ काम चालू ठेवतो. त्यामुळे 'मेथिओनिनचा जीन' असा एकच कुठला शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. अमिनो ॲसिडचे क्यूटीएल (एखाद्या गुणावर परिणाम करणाऱ्या क्रोमोसोमवरच्या जागा) जवळपास सगळ्या क्रोमोसोमवर कुणी ना कुणी दाखवलेत, बहुतेक छोट्या परिणामाचे आणि एका क्रॉसमधला दुसऱ्या क्रॉसमध्ये न दिसणारे.

प्रोटीनचे मात्र दोन क्यूटीएल भरवशाचे आहेत. एक २० नंबरच्या क्रोमोसोमवर, दुसरा १५ वर. २० वरचा १९९२ साली जंगली सोयाबीन, म्हणजे ग्लायसीन सोजा, आणि लागवडीच्या सोयाबीनच्या क्रॉसमध्ये सापडला आणि त्यामागचा नेमका जीन कळायला पुढची तीस वर्षं गेली. २०२२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तो सीसीटी डोमेनवाला एक जीन आहे आणि बहुतेक लागवडीच्या जातींमध्ये त्यात ३२१ बेसचा एक ट्रान्सपोझॉनचा (जागा बदलणाऱ्या डीएनएचा) तुकडा घुसलेला आहे. तुकडा घुसलेला असेल तर तेल जास्त, दाणा टपोरा, प्रोटीन कमी, आणि तुकडा नसेल, म्हणजे जंगली सोयाबीनसारखं असेल, तर प्रोटीन जास्त, तेल कमी, दाणा बारीक. म्हणूनच एका गटाने त्याला पॉवर-१ नाव दिलं, प्रोटीन, ऑइल आणि वेट तिन्ही एकदम हलवतो म्हणून. १५ नंबरवर स्वीट कुटुंबातला साखर वाहून नेणारा जीन आहे, तोही तेल आणि प्रोटीन दोन्ही बदलतो. म्हणजे शेतकऱ्यांनी हजारो वर्षं टपोरा दाणा निवडता निवडता नकळत प्रोटीन खाली आणलंय.

या २० नंबरच्या जागेचा परिणाम दाण्यात साधारण २ टक्के पॉइंट प्रोटीन, एका जागेच्या मानाने हा खूपच मोठा. पण हाच जास्त प्रोटीनचा अलील (जीनचं रूप) अमिनो ॲसिडच्या नकाशावर उलट्या चिन्हाने दिसतो, दाण्यातलं लायसीन, मेथिओनिन वर आणि प्रोटीनमधला त्यांचा वाटा खाली. त्यामुळे ज्यांनी प्रोटीनच्या टक्क्यात मॅपिंग केलं त्यांना '२० वर मेथिओनिनचा क्यूटीएल' सापडतो. खरंतर तो प्रोटीनचाच क्यूटीएल असतो, मेथिओनिन फक्त त्याच्या सावलीत चालतंय. तुमच्या डेटात असं काही आलं तर आधी प्रोटीन कोव्हेरिएट म्हणून घाला (म्हणजे हिशोबातून प्रोटीनचा परिणाम वेगळा काढा) आणि मग बघा काय उरतं. उरेल ते कामाचं.

हवामानही यात हात मारतं. अमेरिकेत मिनेसोटा, डकोटाकडच्या उत्तरेच्या सोयाबीनमध्ये प्रोटीन कमी भरतं म्हणून खरेदीदार कायम तिची किंमत पाडायला बघतात, पण त्याच मालाच्या प्रोटीनमध्ये लायसीन, मेथिओनिन वगैरे गरजेच्या अमिनो ॲसिडचा वाटा जास्त निघतो. आणि मातीतला गंधक तर थेटच. गंधक कमी पडला की झाड ग्लायसिनिन कमी करतं आणि बीटा सबयुनिट वाढवतं, प्रोटीनचा एकूण आकडा फारसा न हलता आतली क्वालिटी पडते. उलट कच्च्या डाळिंब्या मेथिओनिन घातलेल्या माध्यमात वाढवल्या तर बीटा बनायचीच थांबते, हे १९८०च्या दशकातच दाखवलंय. म्हणजे दाण्याला आत किती गंधक शिल्लक आहे ते कळतं आणि त्याप्रमाणे तो कुठलं प्रोटीन बनवायचं ते ठरवतो. आपल्याकडे डीएपी टाकायची सवय लागल्यापासून गंधक मागे पडला, कारण डीएपीत गंधक नाही, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के असतो. शिफारशीत हेक्टरी २० किलो गंधक लिहिलेला असतो, किती जण टाकतात ते तुम्ही गावाकडे जाऊन विचारा. तुमच्या ट्रायलच्या सगळ्या प्लॉटमध्ये गंधक सारखा नसेल तर तुम्ही जेनेटिक्स नाही, खताचं दुकान मोजताय.

सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आता येतो, भरपाई. तुम्हाला वाटेल की बीटा वाईट आहे ना, मग ७एस पूर्ण काढून टाकू, जागा ग्लायसिनिन घेईल. जपानमध्ये हे खरंच झालंय. क्यूटी२ नावाच्या एका जंगली सोयाबीनमध्ये ७एसची तिन्ही सबयुनिट नाहीत, एकाच डॉमिनंट जीनमुळे, आणि कारण असं निघालं की तिथे अल्फा सबयुनिटच्या जीनची उलटसुलट जोडी बसलेली आहे जी आरएनए सायलेन्सिंग सुरू करते आणि अख्खं कुटुंब गप्प करते. त्या जीनवाली झाडं व्यवस्थित वाढतात, दाणे उगवतात, नायट्रोजन एकूण तेवढाच. फक्त गेलेल्या ७एसची जागा काही अंशी ग्लायसिनिन घेतं आणि काही अंशी मोकळी अमिनो ॲसिड, त्यातही आर्जिनिन. अमेरिकेत तर ग्लायसिनिन आणि ७एस दोन्ही बंद केलेलं सोयाबीन बनवलं, तरी एकूण प्रोटीन जवळपास पूर्वीइतकंच, इतर किरकोळ प्रोटीनने जागा भरून काढली. सरकारी ऑफिसच्या बजेटसारखं आहे हे, एका हेडचा खर्च कापला की दुसऱ्या हेडखाली तेवढाच दिसतो. दाण्याला एकूण किती नायट्रोजन साठवायचा ते आधी ठरलेलं असतं, कुठल्या रूपात ते नंतर.

आणि नायट्रोजन असा वाटून घेता येतो, पण गंधक कुठून आणणार? जीएमवाल्यांचे प्रयत्न नेमके इथेच अडकले. मक्यातलं मेथिओनिनने भरलेलं झीन प्रोटीन सोयाबीनमध्ये घातलं, प्रोटीन बनलंही, पण दाण्यातलं एकूण मेथिओनिन फारसं हललं नाही कारण दाण्याने तेवढा गंधक दुसऱ्या प्रोटीनमधून काढून घेतला. त्याआधीचं गाजलेलं प्रकरण ब्राझील नटचं. त्या नटमधलं २एस अल्ब्युमिन पायोनियर कंपनीने सोयाबीनमध्ये आणलं, त्यात मेथिओनिन भरपूर म्हणून. मग १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं की ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या ९ जणांपैकी ८ जणांच्या सीरमने त्या सोयाबीनमधलंही प्रोटीन ओळखलं. कंपनीने प्रकल्प गुंडाळला, बाजारात काहीच आलं नाही. लायसीनचा मार्ग वेगळा, तिथे गंधक लागत नाही. लायसीन, थ्रिओनिन, मेथिओनिन तिन्ही ॲस्पार्टेटपासून बनतात आणि लायसीन साठलं की ते स्वतःच कारखान्याचा वाल्व बंद करतं. १९९५ मध्ये बॅक्टेरियातले असे दोन एन्झाइम घातले जे हा वाल्व मानत नाहीत, तर मोकळं लायसीन शेकडो पटीने वाढलं. पण फार वाढलेले दाणे सुरकुतलेले आणि उगवणीला कच्चे. तसंही सोयाबीनमध्ये लायसीनची अडचण मुळात नाहीच. ४८ टक्के प्रोटीनच्या डीओसीत (तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत) लायसीन ३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि मेथिओनिन जेमतेम ०.६५. मक्यात लायसीन कमी, सोयाबीन ते भरून काढतं, म्हणून तर ही जोडी जगभरच्या पोल्ट्रीत चालते. कमी पडतं ते मेथिओनिन आणि पोल्ट्रीवाला ते पावडरच्या रूपात पोत्यातून घालतो. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन खाऊ घालून मेथिओनिन पूर्ण करायला गेलं तर उरलेला नायट्रोजन विष्ठेतून बाहेर पडतो आणि शेडमध्ये अमोनिया वाढतो.

जीएम न करता काय झालं? २००१ मध्ये अमेरिकेत इथिओनिन सहन करणारे म्युटंट निवडून दाण्यातलं मेथिओनिन-सिस्टीन वाढवलेल्या लाइन मिळाल्या. इथिओनिन हे मेथिओनिनचं नकली रूप, झाडाला विषारी, जे झाड खरं मेथिओनिन जास्त बनवतं तेच तगतं. ट्रिक स्वस्त आहे, ज्यांच्याकडे म्युटेशन ब्रीडिंगची सोय आहे त्यांनी जरूर विचार करावा.

सिस्टीनच्या बाबतीत एक खाचखळगा. बोमन-बर्क इनहिबिटर नावाचं छोटं प्रोटीन, ७१ अमिनो ॲसिडचं, त्यात १४ सिस्टीन! म्हणजे दाण्यातलं सिस्टीनचं एक मोठं कोठार, पण ते ट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम अडवतं, पचन बिघडवतं. ते काढलं तर सिस्टीन घटू शकतं, ठेवलं तर कच्च्या दाण्यात त्रास. कुनिट्झ इनहिबिटर त्यापेक्षा मोठं, १८१ अमिनो ॲसिडचं आणि सिस्टीन फक्त ४, त्यामुळे ते गेलं तरी अमिनो ॲसिडच्या आकड्यात फार फरक पडत नाही, पचनात पडतो. आपल्या इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने इथेच चांगलं काम केलंय. एनआरसी १२७ ही कुनिट्झ-मुक्त जात जेएस ९७-५२ मध्ये तो रिसेसिव्ह अलील मार्करच्या मदतीने आणून केलेली आहे, जीन ८ नंबरच्या क्रोमोसोमवर. तिच्यानंतरची एनआरसी १४२ लायपॉक्सिजिनेज-२ (सोयाचा उग्र वास आणणारं एन्झाइम) पासूनही मुक्त आहे. मला विचाराल तर भारतातल्या सोयाबीनच्या क्वालिटीत खाणाऱ्यापर्यंत पोहोचेल असं काम आत्तापर्यंत हेच झालंय, मेथिओनिनवर एवढं ठोस अजून काही हातात नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर कारण समजतं. लातूरच्या मार्केटला माल नेला की बघतात ओलावा, काडीकचरा, डागी दाणा. प्रोटीन कुणी विचारत नाही, मेथिओनिन तर लांबच. आणि प्रोटीन वाढलं की उतारा आणि तेल घटतं ही गाठ सगळीकडे दिसते. मग केडीएस ७२६ किंवा एमएयूएस ६१२ या जाती लावणाऱ्याने क्विंटल सोडून अमिनो ॲसिड का बघावं? हा प्रश्न ब्रीडरने रागावून उडवून लावू नये, तो बरोबर विचारतोय.

माणसाच्या खाण्याबद्दलही एक वाक्य, कारण पोषणवाले लगेच विचारतात. उंदरावर किंवा कोंबडीवर बघितलं तर सोयाबीन मेथिओनिनमध्ये नापास होतं, पण माणसाची गंधकवाल्या अमिनो ॲसिडची गरज त्या मानाने कमी असते आणि १९९१ नंतर जी पचनासकट मोजायची पद्धत आली तिच्यात सोयाचं शुद्ध केलेलं प्रोटीन एकच्या जवळ येतं. भाकरी-पोळीबरोबर खाल्लं तर धान्यातलं मेथिओनिन आणि सोयाबीनचं लायसीन एकमेकांचं भरून काढतात. म्हणजे ही डोकेदुखी मुख्यतः कोंबडीची आहे.

आता तुमच्या थिसिससाठी. पूर्ण अमिनो ॲसिड प्रोफाइल महाग पडतं, शेकडो सॅम्पल कुठलाच गाईड करू देणार नाही. त्यात नेहमीचं ॲसिड हायड्रोलिसिस, म्हणजे ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, ११० अंश, २४ तास, हे केलं तर ट्रिप्टोफॅन पूर्ण नष्ट होतं आणि मेथिओनिन-सिस्टीनचे आकडे कमी येतात. या दोघांसाठी आधी परफॉर्मिक ॲसिडने ऑक्सिडेशन लागतं, ट्रिप्टोफॅनसाठी अल्कलीने वेगळं हायड्रोलिसिस. बाहेरच्या लॅबला सॅम्पल देताना हे लेखी विचारा, नाहीतर पैसे घेऊन ते नुसतं ॲसिडवालं करून देतील. एनआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारं) मशीन लायसीन छान दाखवतं पण त्याचं कारण लायसीन प्रोटीनबरोबर चालतं, मशीन खरंतर प्रोटीनच बघत असतं. मेथिओनिन आणि सिस्टीनवर एनआयआरचा भरवसा धरू नका.

स्वस्त आणि खरंच उपयोगी म्हणजे एसडीएस-पेज, म्हणजे जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करायची पद्धत. एका जेलवर अल्फा-प्राइम, अल्फा, बीटा आणि ग्लायसिनिनचे ॲसिडिक-बेसिक बँड स्वच्छ वेगळे दिसतात, डेन्सिटोमीटरने ११एस आणि ७एसचं गुणोत्तर काढा आणि फक्त टोकाच्या लाइन अमिनो ॲसिडला पाठवा. दाण्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूची चिमूटभर डाळ खरवडून जेलला वापरायची, अंकुराची बाजू राहिलेली असते, तो दाणा पेरून रोप घ्यायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पोरं नेहमी इथेच गोंधळतात. एफ१ (क्रॉसची पहिली पिढी) झाडावर लागलेला दाणा हा एफ२ (दुसरी पिढी) असतो, त्यामुळे सबयुनिट आहे की नाही हे त्या दाण्याच्या स्वतःच्या जीनोटाइपवर दिसतं, एकाच झाडाच्या दाण्यांमध्ये ३:१ बघता येतं. पण एकूण प्रोटीन किती हे मुख्यतः आईच्या झाडावर ठरतं, नायट्रोजन तिच्याकडून येतो, त्यामुळे प्रोटीनसाठी एकेक दाणा निवडण्यात अर्थ नाही, तिथे झाड किंवा लाइनचं सरासरी सॅम्पल घ्या.

क्रॉस निवडताना दोन्ही पालक जास्त प्रोटीनचे घेऊ नका. एक तुमच्या भागात चालणारी जात, आणि दुसरा असा पालक ज्याचं प्रोटीन साधारण तेवढंच पण जेलवर बीटा सबयुनिट बारीक दिसते. इंदूर आणि एनबीपीजीआर (पिकांचं बियाणं जपणारी राष्ट्रीय संस्था) यांच्या संग्रहातून मागवून शे-दीडशे लाइनचं जेल आधी करून घ्या, त्याचाच एक चॅप्टर होतो. २० नंबरच्या जागेसाठी तो ३२१ बेसचा तुकडा आहे की नाही हे साध्या पीसीआरने, ॲगरोजवर दिसतं, महागडं काही लागत नाही, आणि दोन्ही पालकांत ती जागा सारखी असेल तर प्रोटीनची सावली डेटातून आपोआप बाजूला होते. किमान दोन ठिकाणी, दोन सीझन, गंधक सगळ्या प्लॉटला सारखा, आणि चेक (तुलनेची जात) म्हणून जेएस ३३५ ठेवा, जुनी आहे पण तिची आकडेवारी सगळ्यांकडे आहे.